रिकाम्या घागरींचं नाटक

मला याद्या लागतात. कापडाची वेगळी, दोऱ्यांची वेगळी, कुणाचा झंपर कधी द्यायचा त्याची वेगळी. तलवाड्याजवळच्या आमच्या गावात माझं शिलाईचं दुकान आहे. गावातल्या बायकांचं पथनाट्य याच दुकानात उभं राहिलं, म्हणून त्याच्याही याद्या मीच केल्या. पण त्या एका संध्याकाळी यादीतलं काहीच जागेवर राहिलं नाही. आज ती आठवली की पाण्याखालून बघावी तशी दिसते. सगळं संथ, सगळं सोनेरी.

नाटक ऊसतोडीवर होतं. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ट्रॉल्यांत बसून लांबच्या कारखान्यांकडं जातं. हाताशी आलेल्या पोरीही शाळा सोडून जातात, कारण तिथं कोपीवर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, चूल कोण पेटवणार, धाकटं कोण सांभाळणार? आमचं म्हणणं एवढंच होतं की पोरींना गावात ठेवा, आम्ही बघू त्यांच्याकडं. ढोलकी नव्हती, म्हणून बायकांनी रिकाम्या घागरी घेतल्या. अंगठीनं ठेका धरला की घागर अशी घुमायची की दुकानातल्या कात्र्यासुद्धा थरथरायच्या.

गाण्याचे बोल एकीनं जुळवले होते. ती दर वर्षी नवऱ्याबरोबर तोडीला जायची. त्या वर्षी तिची मुलगी दहावीला होती. "दाराला कुलूप, कुलपाला गंज, पोरीच्या वहीत अर्धीच बेरीज," असं ती गायची आणि गाता गाता रस्त्याकडं बघत राहायची. नवरा ऐकत नव्हता. पुढच्या साली बघू म्हणायचा. पण दहावीची परीक्षा काही पुढच्या सालापर्यंत थांबणार नव्हती.

तोडीची टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी वेशीजवळच्या पारावर नाटक करायचं ठरलं. त्या दिवशी ती तालमीला आलीच नाही. बांधाबांधीत असेल म्हणून आम्ही थांबलो नाही. घागरी कमरेवर घेतल्या आणि गात गात वेशीकडं वळलो.

समोर ट्रॅक्टर उभा. कारखान्यानं लवकर बोलावलं म्हणून मुकादमानं निघणं एक दिवस अलीकडं आणलं होतं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. नारळ नुकताच फुटला होता. ट्रॉलीत गोधड्या, कोंबड्या, शेळ्या आणि माणसं. इंजिनाचा धूर उन्हात तरंगत होता, आणि त्या धुरातून आम्ही रिकाम्या घागरी घेऊन बरोबर ट्रॅक्टरच्या तोंडावर निघालो.

ड्रायव्हरनं चावी काढून खिशात घातली. अचानक इतकं शांत झालं की शेळीच्या गळ्यातलं घुंगरू ऐकू आलं.

"अय बायांनो!" मुकादम ओरडला. "कावून आडव्या आल्या रिकाम्या घागरी घेऊन? एवढी मोठी वाट हाय समोर!"

"आमाला काय म्हाईत तुमी आजच निघताव!" आमच्यातली एक म्हणाली.

"चालू कर बे," मुकादम ड्रायव्हरला म्हणाला.

"न्हाई. पुढं घाट हाय. भरली घागर समोर आल्याबिगर मी चाक हलवत न्हाई. तुला लई घाई आसंल तर तूच चालीव."

मुकादमानं आमच्यातल्या आपल्या भावजयीला हात जोडले. "वयनी, तेवढी भरून आणा की." वहिनीनं त्याच्याकडं बघितलं, मग ट्रॉलीत आईबापाशेजारी बसलेल्या त्या दहावीच्या मुलीकडं. घागर पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "भाऊजी, नाटकाची घागर हाय. नाटक झाल्याबिगर भरता येत न्हाई." एकेक करून सगळ्या बसल्या. हे काही ठरलं नव्हतं. मीही बसले.

तेव्हा गाणं जुळवणारी ट्रॉलीतून उतरली. पदर खोचला. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "मी आणते भरून. सवाशीण हाय मी. पण पोरगी खाली उतरंल तवा."

"येडी झाली का?" नवरा म्हणाला. "भाकरी कोण करंल?"

"मी करीन. उसात जायच्या आधी करीन."

ऊन ट्रॉलीच्या फळीवरून सरकत मुलीच्या गुडघ्यापर्यंत आलं. ती हलत नव्हती, मांडीवरचं दप्तर तेवढं घट्ट धरून होती. ड्रायव्हरनं चावी वर उडवली, झेलली आणि म्हणाला, "पाव्हणं, सांगा काय ते. अंधार पडाय आला."

बापानं बायकोकडं बघितलं, मग आमच्याकडं. शेवटी गोधड्यांच्या ढिगातून एक वळकटी ओढली आणि खाली सोडली. "उतर," एवढंच म्हणाला. मुलगी उतरताना त्यानं तिचा हात धरला, आणि पाय टेकल्यावरही थोडा वेळ सोडला नाही.

आई हापशावरून घागर भरून घेऊन आली आणि ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. इंजिन सुरू झालं. मग सगळ्यांच्याच ध्यानात आलं की तिलाच तर ट्रॉलीत चढायचंय. तिनं घागर मुलीच्या कमरेवर ठेवली. "सांडू नगं," म्हणाली आणि चढली.

ट्रॉली मुलीला वळसा घालून गेली. धुळीत ती उभीच होती, कमरेला भरलेली घागर आणि पाठीवर दप्तर. मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत आम्हीही कडेला सरकून तशाच बसून होतो. नाटक झालंच नाही.

आता हंगामाच्या आधी मुकादम स्वतः दुकानाच्या दारात येतो. "कोणत्या पोरी ऱ्हायच्यात ते आधीच सांगा, अक्का. वेशीत ते घागरीचं लचांड नगं." तो निघायचा दिवस सांगतो, मी पोरींची नावं सांगते आणि दोन्ही यादीत लिहून घेते.

ती मुलगी त्या वर्षी माझ्याकडं राहिली. त्या संध्याकाळी मी तिच्या कमरेवरची घागर उतरवायला गेले, तर तिनं दिली नाही. स्वतःच घरात नेऊन कोपऱ्यात ठेवली, वर झाकण ठेवलं. सकाळी त्यातलं पाणी पिऊन शाळेला गेली.