हात मागे बांधणारे काका

आमच्या कोहक्याच्या तळ्यावर पोरांना मासे धरायला शिकवणारे एक काका आहेत, रिटायर्ड क्रेन ऑपरेटर. त्यांचा नियम एकच: पोरांच्या गळाला मोठ्यांनी हात लावायचा नाही. सोबत आलेल्या प्रत्येक बापाचे हात ते गमछ्यानं मागे बांधतात आणि स्वतःचे पोरांकडून बांधून घेतात.

रविवारी माझ्या पोरीच्या गळाला स्कूटरएवढा रोहू लागला. पोरगी घसरत पाण्याकडे निघाली, पण गळ सोडेना.

"काका, पोरगी चालली न पाण्यात! सोडवा मले!"

"कावून? तिचा पहिला मासा आहे, तिलेच काढू दे. ढील दे बेटा!" असं म्हणून काकांनी तिच्या फ्रॉकचा पट्टा दातांत धरला.

रोहू बाहेर आला. पट्ट्याला काकांची कवळी लटकत होती आणि काका बोळक्या तोंडानं मलाच दटावत होते, "सांग, लावला का कोनी गळाले हात?"