पेंग्विनला बेगड

मी विज्ञानाचा शिक्षक आहे, त्यामुळे स्वतःला न येणारी गोष्ट दुसऱ्याला शिकवण्याचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे.

आमची मुक्ता वर्ध्याला इंजिनिअरिंगला. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाच्या दिवशी आमच्या सिंदीत तिच्या ग्रुपचं टेबल लागणार होतं, ओपन सोर्सच्या प्रचाराचं.

"म्हणजे काय वं?"

"ज्या सॉफ्टवेअरची आतली कृती सगळ्यायसाठी उघडी असते ते, बाबा. कोणीही पाहावं, चूक दिसली तर सांगावं, सुधारावं, वाटावं."

"अन् फुकट?"

"बहुतेक."

फुकटच्या वस्तूचा प्रचार काऊन करावा लागतो, हे मला अजूनही कळलेलं नाही!

तर त्यातल्या एका सॉफ्टवेअरचं बोधचिन्ह होतं पेंग्विन. (बर्फातला पक्षी, पोळ्याच्या उन्हात, सिंदीला!) टेबलावर येणाऱ्या प्रत्येक पोराला कागदी पेंग्विन द्यायचा. मुक्ताचे सर मुद्दाम बघायला येणार होते. कार्यक्रम जमला तरच जिल्ह्यातले पुढचे कार्यक्रम तिच्याकडे येणार होते. एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने पांढरा असा कागद घेऊन तिने मला एकदा घड्या घालून दाखवल्या.

"मी टेबल मांडून येतो. शंभर करून ठेवजा. जमन ना?"

"मले विचारून राह्यली?"

ती गेली आणि मी सगळं विसरलो. पण तोवर बायको सुषमा, शेजारच्या शोभाकाकू आणि त्यांच्या दोन सुना अंगणात मांडी घालून बसल्याही होत्या.

"सर, काळी बाजू आत का बाहेर?" काकूंनी विचारलं.

शिक्षकाने वर्गात अडखळायचं नसतं. "आत!" मी म्हणालो.

पेंग्विन तयार झाला. अंगाने पांढराशुभ्र, पाठीवर उंचवटा आणि चोच फाटून दोन टोकं वर.

"अहो, हा पक्षी हाये?" सुषमाने विचारलं.

"बर्फातला हाये. पांढराच राहीन!"

"अन् हे दोन टोकं?"

"चोच उघडली त्यानं."

"डोक्यावर?"

शोभाकाकूंनी मात्र मला सांभाळून घेतलं. "सर लाजून राह्यले वं! तान्हा पोळा हाये, बैलच करून राह्यलो आपण!" त्यांनी घरून बेगड आणून शिंगांना चिकटवली. सुनांनी पाठीवर लाल झूल रंगवली. काय चाललंय ते मला कळेना, पण पेंग्विन आधीपेक्षा बरे दिसू लागले, म्हणून मीही झुलीला गोंडे काढले.

मुक्ता आली. "बाबा, पेंग्विन कुठी हायेत?"

"हे काय!"

ती पायरीवरच बसली. तिचे डोळे भरले आणि मला खरंच फार वाईट वाटलं. पण नवीन करायला वेळ नव्हता, कागदही नव्हता. शंभर बैल टोपलीत घालून मी आणि मुक्ता निघालो.

टेबलापाशी गर्दी उसळली! ज्या पोरांकडे लाकडी बैल नव्हता ती तर धावतच आली. बैल आणि माहितीपत्रक घेऊन ती घरोघर बोजारा, म्हणजे बैलामागचा खाऊ, मागत सुटली, आणि पहिलं घर अर्थातच आमचं! सुषमाच्या डब्यातले लाडू संपले, मग बिस्किटं संपली, तेव्हा तीच दाराला कडी लावून टेबलापाशी आली.

तिथे मुक्ताचे सर एक बैल हातात फिरवून बघत होते. मुक्ताने घाबरत सगळं खरं सांगितलं.

"घडी चुकली, शेजाऱ्यांनी आपापल्या परीनं सुधारली, अन् गावभर वाटली गेली," सर हसले. "मुक्ता, आपल्याला हेच तर सांगायचं होतं! पुढचे कार्यक्रम तुझे. फक्त चूक दाखवत राहायची, म्हणजे दुरुस्त होते."

"काई होत नाई, सर!" सुषमा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "सव्वीस वर्षांपासून दाखवून राह्यली!"

सरांनी मला एकदा नीट न्याहाळलं.

"वहिनी, इतक्या जुन्या आवृत्तीला दुरुस्ती मिळत नसते."