टायपिंगबाईंच्या दाराचा पिवळा

रंगाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला सगळी गल्ली डॉक्टर का म्हणते, असं कुणी नवख्याने विचारलं की त्याला सरळ काउंटरपाशी उभं करावं. समोर रंगाचा उघडा डबा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि हातात इंजेक्शनची सिरिंज! सुई नाही हो, नुसती सिरिंज. दोन मिली तांबडा, अर्धा मिली काळा, मग काठीने ढवळाढवळ, मग पुठ्ठ्याच्या पट्टीवर एक फटकारा आणि पट्टी पंख्याखाली. "वाळल्याशिवाय रंगाचं खरं तोंड दिसत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले आहेत, पण डॉक्टरांनी जुळवलेला रंग चुकला असं कुणाला म्हणता आलेलं नाही.

माणूस हुशार, हाताला गुण, पण नावांच्या बाबतीत साफ ढ. सख्ख्या व्याह्यांनासुद्धा "अहो, या या" म्हणून वेळ मारून नेतात. म्हणून मुलाने त्यांना मोबाइलवर नोंदी ठेवायला शिकवलं. प्रत्येक रंगाची कृती लिहायची आणि खाली एक-दोन शब्दांचा टॅग जोडायचा. पुढे तो शब्द टाकला की नोंद हजर. डॉक्टरांना हे इतकं आवडलं की विचारू नका. फक्त त्यांचे टॅग त्यांच्यासारखेच. 'भांडखोर नवरा-बायको', 'शिंकणारा मास्तर', 'कुत्रं चावलं त्या दिवशीचा निळा'. आता सांगा, हे दुसऱ्या कुणाच्या बापाला कळणार आहे का? पण डॉक्टरांचं काम अडत नव्हतं. शिंकणारे मास्तर दारात दिसले, की बोटं आपोआप चालायची.

घोळ झाला तो सूनबाईमुळे. पोर गुणाची, ग्रंथालयात कामाला. पुस्तक जागेवर नसेल तर तिला जेवण गोड लागत नाही. एक दिवस तिने सासऱ्यांचा फोन हातात घेतला, तीनशेच्या वर टॅग पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हे काय? मी नीट लावून देते!" दोन सुट्ट्या खर्ची घालून तिने सगळं चकाचक केलं. आता टॅग उरले पंधरा-वीस. पिवळा, निळा, दार, भिंत, खिडकी. बाबांनी कौतुकाने मान डोलावली. नाही म्हणायचं कसं, इतक्या मायेने केलेलं!

महिनाभर निभावलं. मग एका गुरुवारी टायपिंगबाई आल्या.

या बाईंनी उभा जन्म टायपिंग शिकवलं. आता नजर गेल्यातच जमा आहे. माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पण भडक रंग तेवढा ओळखू येतो. बोटं मात्र अजून चालूच. उभ्या राहिल्या की काउंटरवर ठकठक, ठकठक.

"डॉक्टर, माझं दार पुन्हा पिवळं करा," बाई म्हणाल्या. "तोच पिवळा. चार वर्षांपूर्वी दिला होता तो."

झालं होतं असं. जुनं दार वाळवीने पोखरलं, सुताराने चौकटीसकट काढून नेलं आणि नवं तपकिरी बसवलं. त्यांच्या मजल्यावर दारं अकरा, आणि आता अकराही तपकिरी. "परवा शेजाऱ्यांच्या घरात शिरले, सोफ्यावर बसले, आणि वर त्यांच्याच जावयाला विचारते, कोण हवंय आपल्याला?" बाई स्वतःच खळखळून हसल्या. मग बोटं थांबली. "लेक रविवारी येतोय. म्हणाला, आई, तुला स्वतःचं दार सापडत नसेल तर तू माझ्याकडे चल. त्याचं घर चांगलं आहे हो. पण ते त्याचं आहे. मला माझ्या घरात राहायचंय."

डॉक्टरांनी लगेच फोन पुढ्यात ओढला. तो पिवळा त्यांना पक्का आठवत होता, म्हणजे किती छळलं होतं ते आठवत होतं. त्या पॅसेजमधल्या मरतुकड्या दिव्याखाली साधा पिवळा मातकट दिसायचा. तीन दिवस खपून एक असा जुळवला होता की बाईंना जिन्यापासून दिसावा. कृती मात्र डोक्यात नव्हती, फोनमध्ये होती.

त्यांनी 'ठकठक' टाकलं. काही नाही. 'टायपिंग' टाकलं. काही नाही. 'पिवळा' आणि 'दार' टाकलं, तर एकसष्ट नोंदी! नाव कुठेच नाही, कारण नाव डॉक्टर लिहीतच नाहीत. तारखाही सगळ्या एकच, गेल्या वर्षी फोन बदलला तेव्हाची. एकसष्ट रंग कालवून वाळवायचे, तर रविवार कसला, महिना उलटला असता.

संध्याकाळी सूनबाई दुकानात डोकावली आणि डॉक्टरांचा पारा चढला. "कुणी सांगितलं होतं तुला माझं घर आवरायला? माझा पसारा होता, पण मला सापडत होता!"

चार वर्षांत ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. तिचे डोळे भरले. "बाबा, चुकलंच माझं," एवढंच म्हणाली आणि मुकाट्याने एकेक नोंद उघडून वाचायला बसली. डॉक्टरांना स्वतःचीच लाज वाटली, पण बोलून बसलं की बसलं.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. वातावरण तंग आहे हे दिसत नसूनही त्यांनी ओळखलं. "इतकं मनाला लावून घेऊ नका हो," त्या म्हणाल्या. "मला तर तुमच्या मिशा आठवतायत. डबा द्यायला आलात तेव्हा मिशा पिवळ्याधमक! तेवढ्याच दिसत होत्या मला. म्हटलं, दाराआधी डॉक्टरच रंगले!"

सूनबाईने झटकन वर पाहिलं.

"पिवळ्या मिशा? बाबा, तो दिवस म्हणजे... मी नवीन होते घरात. तुम्ही तसेच जेवायला आलात आणि गंभीर चेहऱ्याने ताट वाढ म्हणालात."

"आणि तू महिन्यात पहिल्यांदा हसलीस," डॉक्टर म्हणाले. "घास घशात अडकेपर्यंत."

तिने फोन ओढून घेतला. "एक टॅग मी पुसला नव्हता, बाबा. कशाचा ते कळलं नाही. आत नुसते आकडे होते. पण पुसायला हात धजावला नाही."

टॅग होता, 'सूनबाई हसली'. खाली एकच नोंद.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. खोकले, चष्मा पुसला, आणि पोरीकडे न बघता म्हणाले, "काल फार बोललो मी. सिरिंज दे इकडे."

शनिवारी दार रंगलं. रविवारी लेक आला, हातात मोठी बॅग, आईचे कपडे भरायला आणलेली. डॉक्टर आणि सूनबाई जिन्याच्या तोंडाशी उभे. खरं तर त्यांचं तिथे काही काम नव्हतं, पण पाय निघेना.

"हं, चल आई, दाखव तुझं दार," लेक म्हणाला. मदतीला हात पुढे केला तो बाईंनी झटकला.

बाई निघाल्या. एक दार, दोन दारं, तीन. बोटं मांडीवर ठकठक. सातव्यापाशी पावलं मंदावली आणि डॉक्टरांनी श्वास रोखला. पण बाई नुसत्या पदर सावरत होत्या. आठव्याला वळल्या, किल्ली काढली, कुलपात घातली. दार उघडलं.

"चहा घेणार आहेस ना?" त्या आतून म्हणाल्या. "की असाच दारात उभा राहणार, पाहुण्यासारखा?"

लेक बघतच राहिला. मग हसला, बॅग दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि चपला काढून आत गेला.

सूनबाईने डोळे टिपले आणि फोन काढला. "बाबा, या नोंदीला आणखी एक टॅग लावते. काय लिहू? दार? पिवळा?"

"छे! त्याने काय सापडणार, कपाळ?" डॉक्टर म्हणाले. "लिही, 'रिकामी बॅग'."