दाराआडून धरलेली झील

मालक गेले त्या वर्षी माझा देवावरचा विश्वासही गेला होता. नव्वदच्या दशकाची अखेर होती. काविळीनं पंधरा दिवसांत ते गेले आणि मुरगूडच्या त्या दोन खोल्यांत मी आणि चार वर्षांची लेक उरलो. तोवर दर सोमवारी मी बायकांच्या भजनाला जायचे. पुढची बाई ओळ म्हणायची, आम्ही मागून झील धरायचो. तेही सोडलं. लोक काय म्हणतील ही भीती होतीच, पण मोठी भीती थोरल्या दिरांची होती. घराच्या हक्कसोडीच्या कागदावर सही कर आणि माहेरी जा, हे त्यांचं रोजचं झालं होतं. गल्लीत कुठलीही मोटारसायकल थांबली की दीरच आले असं वाटे. घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून भर दिवसा कडी लावून मी लेकीच्या तोंडावर हात ठेवून बसायचे. कुणाला सांगितलं मात्र नाही. घरातली गोष्ट बाहेर कशी काढायची?

एका शनिवारी दीर दारातूनच ओरडून गेले, "सोमवारी चार माणसं घिऊन येतो. सही केलीस तर बरं, न्हायतर भांडीकुंडी रस्त्यावर टाकतो बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. मी लेकीला जवळ ओढलं. "अव्वा, पाणी दे की," कानडी हेल असलेला बाईचा आवाज आला. मी उठले नाही. खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर कपाळभर विभूती लावलेली एक अनोळखी बाई पायरीवर टेकली होती. पाय धुळीनं भरलेले, खांद्याला एकतारी. तिनं पुन्हा पाणी मागितलं नाही. एकतारी जुळवून शिवाचं भजन म्हणू लागली. एक ओळ म्हणायची आणि थांबायची, मागून कुणी झील धरावी एवढा वेळ. मग तीच ओळ पुन्हा. तिसऱ्यांदा ती थांबली तेव्हा माझ्या तोंडून आवाज कसा फुटला, मला अजून कळलेलं नाही. कडी न काढताच मी झील धरली, रडत, बेसूर.

पाण्याचा तांब्या घेऊन दार उघडलं तर भजनी मंडळ चालवणारी गौराक्का समोर उभी, मागं गल्लीतल्या चारपाच बायका. "वरीस झालं की गं तुझा आवाज ऐकून! रडतीस कशापायी?" मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. कुणी सल्ला दिला नाही, सगळ्या ऐकत राहिल्या. शेवटी गौराक्का एवढंच म्हणाली, "उद्याचं भजन हितंच." त्या गडबडीत ती बाई पाणी पिऊन निघून गेली होती. कुठल्या वाटेनं, कुणीच पाहिलं नाही.

सोमवारी सकाळपासून वीसेक बायका अंगणात बसल्या. गाडी थांबली तशी माझ्या हातातले टाळ वाजेनात. शेजारणीनं आपला गुडघा माझ्या गुडघ्याला टेकवून ठेवला. दीर ओरडू लागले तसं भजन चढत गेलं. भजनाची ओळ संपल्यावर गौराक्कानं मान वर केली. "बसा की पावणं. भजन झाल्यावर च्या पिऊन जावा."

पावणं! त्याच घरात जन्मलेल्या माणसाला! दिरांसोबत आलेल्यांपैकी एकानं चपला काढल्या आणि तो खाली बसला. दीर त्याच्याकडे बघत राहिले आणि कागद खिशात घालून निघून गेले. पुढं दोनदा आले. दोन्ही वेळा अंगणात बायका होत्या. मग येणं थांबलं.

त्या बाईला मी निपाणीच्या बाजारात, जत्रांमध्ये पुष्कळ शोधलं. सापडली नाही. ती कोण होती याचा वाद मी कुणाशी घालत नाही. भीती कायमची गेली असंही नाही. अजूनही कधी काळजात धस्स होतं. पण आता मी ती मुठीत धरून बसत नाही, शिवाच्या आणि या बायकांच्या पुढं ठेवते.

काही वर्षांनी एका सोमवारी थोरल्या जाऊबाई आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले, पदर तोंडाशी घट्ट धरलेला. मी सरकून जागा केली आणि मनातल्या मनात हात जोडले.