विहीणबाईंची उमेदवारी

माझ्या विहीणबाईंसारखी रुसायची अक्कल अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्या बाईला नसेल. आम्ही बाकीच्या रुसतो ते साडीसाठी, नाहीतर नवरा बोलला म्हणून. त्या रुसत ते दुसऱ्याच्या कामासाठी, आणि काम झालं की त्याच जागी हसत. हे मला त्यांच्या मुलाशी माझ्या मुलीचं लग्न झालं त्याच दिवशी कळायला हवं होतं. पण मी चौथी शिकलेली आणि स्वतःला मॅट्रिक समजणारी.

लग्न राजारामपुरीतल्या एका कार्यालयात होतं. पंगत बसली आणि वरमाय पानाला हात लावेना. मी मनात म्हटलं, आली ही मानपानावर. आधी आणलेलं लुगडं पुढं केलं. त्यांनी बघितलंही नाही. मग माझ्यासाठी घेतलेलं इरकली काढलं, घडीसुद्धा न मोडलेलं. तरी पान तसंच. शेवटी मी घरधन्याला अंगठी काढायला सांगितली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “लुगडं नको, विहीणबाई. मागं भांडी घासणाऱ्या बायका सकाळपासनं उपाशी हायत. त्यांची पानं वाढा, मग मी घास घेते.” त्या बायका जेवल्या, मग वरमाय जेवली, आणि इरकली मात्र त्यांनी ठेवून घेतलं. ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

त्यांचं गाव गडमुडशिंगीच्या पलीकडं. शाळा माझ्याइतकीसुद्धा नाही. पण तोच रुसवा त्यांनी सरकारी कचेऱ्यांत नेला. गल्लीत नळ नाही, खांबावर दिवा नाही, की निघाल्या चांगलं लुगडं नेसून. आरडाओरडा नाही, अर्ज नाही. साहेबासमोर बसायचं आणि आलेल्या चहाला हात लावायचा नाही. चहा निवत जायचा तसा साहेब खुर्चीत चुळबुळ करायचा. त्याच्याही घरी बहिणीचं लग्न झालेलं असायचं. वरमाय न खाता बसली की काय होतं, हे त्याला ठाऊक. नळ आला, दिवा आला. असं करत करत गावातल्या बायका आपली गाऱ्हाणी घेऊन त्यांच्या सोप्यात येऊन बसायला लागल्या.

एका ठिकाणी मात्र रुसवा चालला नाही. गावातल्या पोरी दहावी झाल्या की घरी बसायच्या, कारण कॉलेज सकाळचं आणि पहिली बस यायची ते दोन तास बुडाल्यावर. बसच्या साहेबानं सांगितलं, पंचायतीचा ठराव आणा. पंचायतीतले पुरुष म्हणायचे, बघू. त्याच साली त्यांच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली आणि पन्नाशी उलटलेल्या विहीणबाई शिलाई मशीन चिन्ह घेऊन उभ्या राहिल्या.

प्रचाराला मला बोलावलं. म्हणाल्या, तुम्ही मंगळवार पेठेतल्या, चार माणसांत बोलता. मी फुगले. देवळाजवळचं पत्र्याचं घर सोडा, बाकी सगळीकडं जा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पण पहिल्याच घरात “उमेदवाराची विहीण आली” म्हणून जाजम अंथरलं, पोहे दिले, ओटी भरली. दुसऱ्या घरात तेच. पाहुणचार घेऊन लगेच मत मागायचं, हे माझ्या तोंडातून निघेना. दुपारपर्यंत माझ्याजवळ सात नारळ आणि पाच खण जमले, आणि मत मी एकालाही मागितलं नव्हतं. आठव्या घरी एका नीटनेटक्या सुनेनं ओटी भरून वाकून नमस्कार केला. मला फार बरं वाटलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी माझ्या पेठेतल्या आवाजात म्हणाले, “पोरी, मनात धरलंयस ते सगळं पुरं होऊ दे.”

तिची सासू तशीच बाहेर धावली आणि गल्लीला सांगत सुटली. भिंतीवर रंगवलेली कपबशी, म्हणजे विहीणबाईंच्या विरोधातल्या उमेदवाराचं चिन्ह, मला तेव्हा दिसली. वरचा पत्राही तेव्हाच दिसला.

विहीणबाई थोडक्या मतांनी पडल्या. कोणी म्हणायचं तो आशीर्वाद भोवला, कोणी म्हणायचं भावकी फिरली. माफी मागायची म्हणून मी मुद्दाम बस पकडून गेले आणि दारातच म्हणाले, “मला पाठवायचंच नव्हतं तुम्ही.” माझी माफी अशी असते.

त्या जोंधळे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दिलेला आशीर्वाद माघारी घेऊ नये. पोरगी आता मेंबर हाय न्हवं? मग तिला घिऊन जाते की साहेबाकडं.”

आणि खरंच तिला घेऊन हिंडल्या. ठराव तिच्या सहीचा, हेलपाटे ह्यांचे. चार पावसाळे गेले तेव्हा कुठं बस मंजूर झाली. पुढच्या खेपेला ती जागा बायकांची राहिली नाही, आणि विहीणबाई पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? “वाटतंय की,” म्हणाल्या, आणि चुलीकडं वळल्या. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला बरं झोपता आलं असतं.

सकाळची बस सुरू झाली त्या दिवशी मी मुलीकडंच मुक्कामाला होते. बसला हार घातला त्या मेंबर सुनेनं. विहीणबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभ्या होत्या. मला घरी परतायचं होतं म्हणून मी आधी चढून खिडकीची जागा धरली. तेवढ्यात खालून हाक आली.

“विहीणबाई, उठा. ही गाडी पोरींची हाय.”

सगळ्यांसमोर. मी उठले. गुडघे तेव्हाही दुखत होते. पुढं गेल्यावर एक पोरगी वही सावरत उठली आणि म्हणाली, आजी, बसा. मी तिला खांदा धरून परत खाली बसवलं आणि दांडा धरून कोल्हापूरपर्यंत उभी आले.