काकूंनी घातलेली साय

आज आमचा नव्याचा सण, म्हणजे आम्हा ज्यू लोकांचं नवीन वर्ष. जेवायला मटण होतं. मटणावर आम्ही दुधाचं काही खात नाही. म्हणून गोडाला पीनट बटर, गूळ आणि नारळाचं दूध घोटून आइस्क्रीमसारखं गोठवायचं ठरवलं. शेंगा अर्थात आपल्या सोलापूरच्याच.

माझा फ्रीज गच्च भरलेला, म्हणून डबा शेजारच्या काकूंकडे ठेवला. काकू शुद्ध शाकाहारी. "अंडं न्हाय ना गं ह्यात?" त्यांनी दारातच विचारलं. म्हटलं, "नाही हो. दूधही नाही, आम्हाला चालत नाही."

दुपारी जेवणं झाली, काकूंकडून डबा आणून वाट्या भरल्या. पप्पा चमचा तोंडाशी नेणार, तेवढ्यात काकू दारातून हसत म्हणाल्या, "नुस्तं नारळाचं कसं लागंल? गोठायच्या आधीच वाटीभर साय घातली की मी!"

पप्पांनी चमचा खाली ठेवला.

"एवढ्यानं काय हुतंय?" काकू म्हणाल्या.

डबा त्यांनाच देऊन टाकला. संध्याकाळी निरोप आला, "लई भारी झालंय."

आता तुम्हीच सांगा. मी त्यात गुपचूप एक अंडं फोडलं असतं आणि "एवढ्यानं काय होतंय?" म्हटलं असतं, तर काकूंनी तो फ्रीज तरी घरात ठेवला असता का?