राखणीचा कुत्रा, तिसऱ्या मजल्यावर
चार वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, संगमनेरच्या फ्लॅटमध्ये सहा महिने पाळलेला कुत्रा आम्ही मेंढपाळाला परत दिला. पिल्लू त्याच्याकडूनच आणले होते. घरात ते दिवसभर धावे, पाहुण्यांच्या पोरांच्या घोट्याला तोंड लावून त्यांना कोपऱ्यात गोळा करी. मेंढपाळ तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला आला होता. लेंड्यांचा, ओल्या लोकरीचा वास येत होता. माझी मुलगी कुत्र्याची दोरी सोडेना. "ताई, त्याला काम लागतंय. तुमच्याकडं राखायला काय हाय?" त्याने मला विचारले. "मी आहे ना," मुलगी म्हणाली. तो हसला. "तू शाळंत जाती. मग दिसभर त्यानं कुनाला राखायचं गं बाय?" बऱ्याच वेळाने तिने दोरी सोडली. यंदाही कळप आला आहे, सोबत तो कुत्राही. मुलगी सकाळीच भाकरी बांधून शेतावर गेली. दुपार झाली तरी परतलेली नाही.